दा नांगहून एका दिवसात बा ना हिल्स: कुठल्या केबल कारने चढायचं, ढगांचं काय करायचं?

चिपळूणकरीण:
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत व्हिएतनामला जायचं चाललंय. दा नांगला चार रात्री आहेत, त्यातला एक दिवस बा ना हिल्सला, म्हणजे शहराजवळच्या डोंगरावर केबल कारने चढून जायच्या पार्कला, द्यायचा आहे. आठ जण आहोत: आम्ही दोघं, दीर-जाऊबाई, सासू-सासरे (६९ आणि ७४) आणि दोन मुलं, मुलगी ६ वर्षांची आणि पुतण्या ११ वर्षांचा. सासूबाईंचे गुडघे दुखतात. सपाटीवर चालतात, पायऱ्या मात्र जपून. सासऱ्यांना उंचावरून खाली पाहिलं की गरगरतं. ते दोघं आणि जाऊबाई पूर्ण शाकाहारी, अंडंही चालत नाही.

नकाशा उघडला तर केबल कारचे चार-पाच मार्ग दिसतात आणि सगळ्यांची नावं फ्रेंच नाहीतर व्हिएतनामी. गोल्डन ब्रिज नेमका कुठल्या मार्गावर आहे? बाबांना वीस मिनिटं पाळण्यात बसवणं झेपेल का? वर शाकाहारी जेवण मिळतं का? आणि टूरवाले पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशीचं तिकीट आताच काढून टाका म्हणताहेत, ते करावं का?

दख्खनी_पायवाट:
ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. तिकीट आता काढू नका. आणि जमत असेल तर दिवाळीत दा नांगच करू नका.

कारण सह्याद्रीचं उदाहरण घेतलं की लगेच कळेल. आपल्याकडे नैर्ऋत्य मोसमी वारे समुद्रावरून येऊन घाटाला धडकतात, कोकणात धो धो पाऊस पडतो आणि देशावर ढग रिकामे होऊन पोहोचतात. दा नांग हे त्या हिशेबात उलटं कोकण आहे. शहराच्या पश्चिमेला त्रुओंग सोन ही डोंगररांग, पूर्वेला समुद्र. जून ते ऑगस्टमधले नैर्ऋत्य वारे डोंगरापलीकडे लाओसच्या बाजूला पाऊस पाडतात आणि दा नांगला कोरडे, गरम होऊन उतरतात. सप्टेंबरनंतर वारा फिरतो, ईशान्येकडून समुद्रावरची वाफ घेऊन येतो आणि थेट त्याच डोंगरावर आदळतो. बा ना हिल्स त्या डोंगराच्या माथ्यावर, १,४८७ मीटरवर. म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बा ना म्हणजे जुलैतलं महाबळेश्वर.

दा नांग शहरात एकट्या ऑक्टोबरमध्ये सरासरी ६०० मिमीच्या आसपास पाऊस होतो. एप्रिलमध्ये तो ३० मिमीच्या आसपास असतो. शिवाय हाच वादळांचा काळ. ऑक्टोबर २०२० मध्ये मध्य व्हिएतनामला एकामागून एक वादळं आणि पूर आले. २०२५ मध्ये दिवाळी होऊन आठवडा उलटतो न उलटतो तोच ह्वे आणि होई आन या जवळच्या शहरांत पाणी शिरलं. प्रत्येक वर्षी असंच होतं असं नाही, पण आठ जणांचा खर्च करून पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहायची शक्यता या महिन्यांत सगळ्यात जास्त.

पांढरी भिंत म्हणतोय ते शब्दशः घ्या. गोल्डन ब्रिज साधारण १,४०० मीटरवर आहे. ढगाचा तळ त्याच्या खाली आला की पूल ढगाच्या आत जातो. हातभर अंतरावरचा सोनेरी कठडा दिसतो, त्याला लागून लावलेली जांभळी फुलं थेंबांनी भिजलेली दिसतात, आणि पूल तोलून धरल्यासारखे दिसणाऱ्या ज्या भल्यामोठ्या पंजांसाठी लोक येतात त्यांची नुसती सावली. दहा मिनिटांनी वारा आला की एक बोट उघडं पडतं आणि पुन्हा झाकलं जातं.

तारखा पक्क्या असतील तर एवढं करा. चार रात्री आहेत ना, मग त्यातला कुठलाही एक दिवस बा नाला, हे सैल ठेवा. रोज रात्री दुसऱ्या दिवसाचा अंदाज बघा. शहराचा नाही, डोंगरमाथ्याचा. हवामानाच्या साईटवर ‘बा ना’ शोधून तासातासाचं ढगांचं प्रमाण आणि पावसाची शक्यता बघा. सकाळी ७ ते ११ उघडीप दिसली की त्याच रात्री ऑनलाइन तिकीट काढा. क्यूआर कोड येतो, तोच फाटकावर दाखवायचा. बाकीचे दिवस होई आन, मार्बल माउंटन्स, समुद्रकिनारा असे मागेपुढे सरकवता येतात. टूरवाल्यांना हेच सांगा: गाडी आमच्या सांगण्यावरून, तिकीट आदल्या रात्री.

लोहदोर:
मार्गांचा गुंता सोडवतो. नावांकडे न बघता तीन पातळ्या डोक्यात ठेवा.

पहिली पातळी म्हणजे पायथा, जिथे गाडी सोडते. फाटक, तिकिटं आणि खालची सगळी स्टेशनं याच आवारात. दुसरी पातळी म्हणजे मधला टप्पा: गोल्डन ब्रिज, फुलांच्या बागा, फ्रेंच काळातलं दारूचं तळघर आणि लिन्ह उंग पॅगोडा, जिथे २७ मीटर उंचीची पांढरी बुद्धमूर्ती आहे. तिसरी पातळी म्हणजे माथा: फ्रेंच व्हिलेज, फँटसी पार्क, हॉटेल आणि त्याहून वर पायऱ्या चढून देवळं.

पायथ्यावरून निघणारे दोन मार्ग लक्षात ठेवा. ‘होई आन’ स्टेशनातून निघालेली केबल कार ‘मार्सेय’ला जाते, म्हणजे मधल्या पातळीवर, पुलाशेजारी. ‘तोक तिएन’ स्टेशनातून निघालेली ‘लाँदोशीन’ला जाते, म्हणजे थेट माथ्यावर. हीच ती २०१३ मध्ये सुरू झालेली ५,८०१ मीटर लांबीची केबल कार. खालचं आणि वरचं स्टेशन यांच्या उंचीत १,३६८ मीटरचा फरक आहे. मधल्या पातळीवरून माथ्यावर जायला ‘बोर्दो’ ते ‘लूव्र’ अशी छोटी केबल कार आहे. ‘सुओई मो’हून निघणारा २००९ चा जुना मार्गही आहे.

तुमच्यासाठी क्रम: होई आन ते मार्सेय, पूल, बागा, मग बोर्दो ते लूव्र, माथा, आणि उतरताना लाँदोशीन ते तोक तिएन सरळ खाली. असं केलं की कुठलाही टप्पा दोनदा होत नाही आणि पूल पहिल्या तासात होतो. बरेच लोक फाटकातून आत आल्यावर समोर दिसेल त्या रांगेत उभे राहतात, थेट माथ्यावर पोहोचतात आणि पूल बघायला लूव्रहून पुन्हा खाली येतात. तोवर साडेदहा वाजतात, शहरातून आलेल्या सगळ्या बसेस रिकाम्या झालेल्या असतात आणि पुलावर खांद्याला खांदा.

एक महत्त्वाची गोष्ट: सगळे मार्ग दिवसभर चालू नसतात. गर्दी आणि देखभाल बघून प्रत्येक मार्गाच्या वेळा ठरतात आणि त्या बदलतात. आदल्या रात्री अधिकृत साईटवर त्या दिवसाचा तक्ता निघतो, त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. आत गेल्यावर तिथल्या माणसाला ‘काउ वांग?’ एवढंच विचारा. काउ म्हणजे पूल, वांग म्हणजे सोनेरी. तो बरोबर रांग दाखवेल.

आता बाबांचं. रायगडच्या रोपवेची सवय असलेल्यांना इथे एक फरक जाणवतो. रायगडला पाळणा थांबतो, आपण बसतो, मग तो निघतो. इथे दोर थांबतच नाही. केबिन स्टेशनात शिरताना तिची पकड दोरावरून सुटते, ती रुळावर येते आणि चालत्या माणसाहून कमी वेगाने वळसा घेते. त्या वळशात चढायचं. दार लागतं, पकड पुन्हा दोराला बसते आणि केबिन एकदम वेग घेते. त्या क्षणी एक हिसका बसतो. तो माहीत नसला की माणूस घाबरतो, म्हणून आधीच सांगून ठेवा. दुसरा धक्का खांबावरून जाताना: चाकांच्या रांगेवरून पकड घसरते, खडखड आवाज येतो, केबिन पुढे-मागे हलते. तेही नेहमीचंच.

सासूबाईंसाठी: केबिनचा उंबरठा फलाटाच्या पातळीला असतो, पायरी नाही. रांगेतून पुढे जातानाच कर्मचाऱ्याला हाताने गुडघा दाखवून खूण करा, गरज पडली तर ते वेग आणखी कमी करतात. आधी तुमच्यातलं एक धडधाकट माणूस आत, मग त्यांनी त्याचा हात धरून, मागून दुसरं माणूस.

केबिन दहा जणांची, समोरासमोर बाकं. गरगरणाऱ्या माणसाला डोंगराकडे तोंड येईल अशा बाकावर, मधल्या जागी बसवायचं. चढताना जे बाक पुढे बघतं ते, उतरताना जे मागे बघतं ते. डोंगराकडे तोंड असलं की समोर झाडीच झाडी आणि जमीन जवळ दिसते. दरीकडे तोंड असलं की पायाखालची सगळी खोली दिसते. मोबाइलमध्ये बघत बसू देऊ नका, त्याने मळमळ वाढते. लांबचा एखादा खांब धरून ठेवायचा.

आणि कान. वीसेक मिनिटांत हजार-तेराशे मीटर चढलं की कानांना दडे बसतात. मुलीला चोखायला लिमलेटची गोळी द्या, बाकीच्यांनी जांभई द्यायची किंवा घोट घोट पाणी प्यायचं. सर्दीने नाक चोंदलेलं असेल तर उतरताना जास्त दुखतं, चढताना कमी. उंचीची म्हणून वेगळी काळजी नको, महाबळेश्वरपेक्षा जेमतेम थोडं वर आहे.

मध्येच थांबली तर? मिनिट-दोन मिनिटं थांबणं रोजचं आहे. बहुतेक वेळा कुणाला तरी चढवता-उतरवताना स्टेशनातल्या माणसाने थांबवलेली असते. वारा वाढला किंवा विजा चमकायला लागल्या तर आधी नवी माणसं घेणं बंद करतात, दोरावरच्या केबिन रिकाम्या होऊ देतात. म्हणून वर असताना आभाळ काळवंडलं आणि गडगडाट ऐकू आला तर फोटो सोडून स्टेशनाकडे निघा. बंद झाल्यावर तासभर तिथेच बसावं लागतं, आणि सुरू झाल्यावर सगळा डोंगर एकाच रांगेत असतो.

केबिनमध्ये स्वच्छतागृह नाही हे सांगायला नको, पण खालच्या रांगेत अर्धा तास गेला तर एकूण तास होतो. फाटकातून आत शिरल्याबरोबर सगळ्यांनी जाऊन यावं.

मेतकूट_भात:
जेवणाबद्दल. वर बुफेची मोठी उपाहारगृहं आहेत आणि तिकीट काढतानाच ‘बुफेसह’ असा पर्याय मिळतो. भारतीय पर्यटक इतके वाढलेत की बुफेत भारतीय पदार्थांचा कोपरा बऱ्याचदा असतो. पण बुफेचं कुपन ठरावीक उपाहारगृहाचंच असतं. पैसे भरण्याआधी नाव बघा आणि त्या ठिकाणी शाकाहारी काय आहे ते विचारून घ्या. तुमच्यातल्या पाच जणांना बुफे आणि तिघांना नुसतं प्रवेशाचं तिकीट असंही करता येतं, सगळ्यांना एकच घ्यायची सक्ती नाही.

व्हिएतनामी स्वयंपाकात खरी अडचण मांसाची नसून ‘न्युओक माम’ची आहे. मासे आंबवून काढलेलं पाणी, आपण मीठ घालतो तसं ते भाजीत, सॅलडमध्ये, चटणीत पडतं. ताटात मांसाचा तुकडा नसतो म्हणून वाढणारा ‘व्हेज’ म्हणतो. ‘फो’चं सूप हाडांचं असतं, वरून फक्त भाज्या घातल्या तरी. बटाट्याचे तळलेले काप ज्या तेलात निघतात त्यातच कोंबडीही तळलेली असते.

म्हणून ‘व्हेज’ न म्हणता ‘आन चाय’ म्हणा. ‘चाय’ म्हणजे बौद्ध पद्धतीचा शाकाहार. चहा नव्हे, चहाला ते ‘त्रा’ म्हणतात. उच्चारात सूर चुकला तर समोरच्याला कळत नाही, तेव्हा मोबाइलवर भाषांतर करून अक्षरंच दाखवावीत: आम्ही चाय खातो, मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, न्युओक माम नाही. चारही गोष्टी वेगवेगळ्या लिहा. तिथले खूप लोक चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला चाय खातात, त्यामुळे समजूत चांगली असते. शहरात ‘क्वान चाय’ अशी पाटी असलेली दुकानं सापडतात. तिथे सासूबाई निर्धास्त जेवू शकतात, कित्येक ठिकाणी कांदा-लसूणही नसतो.

त्या दिवसापुरतं सांगायचं तर नाश्ता हॉटेलातच भरपेट करा. बुफेला ११ वाजता बसा नाहीतर १ नंतर, मधल्या वेळात जागा मिळत नाही. मुलांसाठी आणि ज्यांच्या गोळ्यांच्या वेळा ठरलेल्या आहेत त्यांच्यासाठी खाकरा, दाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू असा कोरडा खाऊ पर्समध्ये असू द्या. मोठे डबे न्यायचा विचार असेल तर आधी तिकिटावरच्या अटी वाचा, फाटकावर पिशव्या तपासतात.

सातबारा:
पैशाचं थोडक्यात. प्रौढ तिकीट ९ ते १० लाख डोंगच्या घरात असतं. दर वर्षाला बदलतो, अधिकृत साईटवर बघूनच घ्या. हिशेबासाठी शेवटची तीन शून्यं उडवा आणि साडेतीनने गुणा, रुपयाचा जवळपास आकडा येतो. १ लाख डोंग म्हणजे ३५०च्या आसपास.

मुलांचं तिकीट वयावर नसून उंचीवर आहे. १ मीटरच्या आत फुकट, १ मीटर ते १.४ मीटर लहान मुलाचं, त्यावर पूर्ण. तुमची सहा वर्षांची मुलगी लहानात बसेल. पुतण्याला मात्र घरीच भिंतीला टेकवून टेपने मोजा. अकरा वर्षांचे बरेच मुलगे १४० सेंटीमीटर ओलांडतात, आणि फाटकावर मोजपट्टी असते.

‘स्वस्तात तिकीट’ म्हणून हॉटेलबाहेर कुणी विकत असेल तर घेऊ नका. दा नांगच्या रहिवाशांसाठी वेगळा कमी दर असतो आणि त्याला स्थानिक ओळखपत्र लागतं. तसलं तिकीट तुमच्या गळ्यात पडलं तर फाटकावर अडवतात आणि पैसे जातात.

नोटांकडे नीट लक्ष द्या. २० हजारांची आणि ५ लाखांची, दोन्ही निळसर. टॅक्सीच्या अंधारात सहज अदलाबदल होते. ५ लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि देताना शून्यं मोजा.

आठ जणांना सात सीटरमध्ये कोंबू नका. तिथे त्यावरची गाडी १६ सीटरची असते, तीच दिवसभरासाठी ठरवा. जाताना ग्रॅब, म्हणजे ॲपवरून बोलवायची टॅक्सी, कुठूनही मिळते. परतताना डोंगराच्या पायथ्याशी हजारो लोक एकदम ॲप उघडतात आणि गाड्या शहरात असतात. ठरवतानाच लिहून घ्या: थांबण्याचा वेळ, पार्किंग आणि टोल भाड्यात धरलेत की नाही.

चिपळूणकरीण:
सगळ्यांचे खूप आभार. पावसाचं वाचून घरात बैठक झाली आणि दिवाळीला दक्षिण व्हिएतनाम करून दा नांग मेच्या सुट्टीत वेगळं करावं असं ठरतंय. मग दोन नवे प्रश्न. मेमध्ये गर्दी किती? आणि एका ओळखीच्यांनी सांगितलं की सकाळी सगळे जातात, तुम्ही दुपारी १ ला जा, पूल रिकामा मिळेल. हे खरं का? मुलं फँटसी पार्क आणि त्या डोंगरावरच्या घसरगाडीवर डोळा ठेवून आहेत, तेवढ्या वेळात ते बसेल का?

दख्खनी_पायवाट:
निर्णय उत्तम. मेमध्ये फक्त पहिला आठवडा टाळा. ३० एप्रिल आणि १ मे या व्हिएतनामच्या राष्ट्रीय सुट्ट्या आहेत, त्याला जोडून अख्खा देश फिरायला निघतो. मेच्या अखेरीपासून त्यांच्या शाळांना सुट्टी लागते, मग ऑगस्टपर्यंत गर्दी चढती. आपल्या शाळांची सुट्टी आणि त्यांची शांतता यांचा मेळ ६ ते २५ मेच्या दरम्यान बसतो. त्यातही मंगळवार ते गुरुवार.

दुपारी जायचा सल्ला अर्धा खरा आहे. दुपारी ३ नंतर पुलावरची माणसं खरंच कमी होतात. पण मे ते ऑगस्टमध्ये सकाळी तापलेल्या दऱ्यांतून वाफ वर चढते, दुपारी माथ्यावर ढग जमतात आणि गडगडाटी पाऊस येतो. म्हणजे गर्दी टळते, पण केबल कार बंद पडण्याची शक्यता नेमकी त्याच वेळात. दोन तरुण माणसं असती तर मी दुपार सुचवली असती. ज्येष्ठ आणि लहान मुलं असताना नाही.

शहरात तेव्हा ३४-३५ अंश असतं, माथ्यावर आठ-नऊ अंशांनी कमी. स्वेटर नको, पातळ जॅकेट पुरे. छत्रीऐवजी रेनकोट: पुलावर वारा असतो आणि छत्री मागच्याच्या डोळ्यात जाते. बूट रबरी तळव्याचे. फ्रेंच व्हिलेजमधली दगडी फरसबंदी ओली झाली की चपला घसरतात.

पायवाटेची_राणी:
घसरगाडीबद्दल मी लिहिते. ती रुळांवरची छोटी गाडी असते, एका वेळी एक किंवा दोघं, आणि वेग आपल्या हातात. दोन्ही बाजूंना दांडे. पुढे ढकलले की ब्रेक सुटतो, मागे ओढले की लागतो. हात सोडून फोटो काढायला गेलं की पंचाईत होते. मुलीला मोठ्या माणसाबरोबरच बसवा, दांडे मोठ्यांच्या हातात. दोन गाड्यांत अंतर ठेवायची सूचना काटेकोर पाळा. पुढचा हळू जात असेल तर ओरडण्याऐवजी आपला दांडा मागे घ्या. पाऊस सुरू झाला की ती बंद करतात, कारण ओल्या रुळावर ब्रेक उशिरा धरतो. त्यामुळे माथ्यावर पोहोचल्यावर पहिलं काम हेच, जेवणाआधी. अकरानंतर रांग तासावर जाते.

फँटसी पार्क छताखाली आहे, तीन मजली. पाऊस असो की ऊन, तिथे काही अडत नाही, म्हणून ते दुपारसाठी राखून ठेवा. बहुतेक खेळ प्रवेशाच्या तिकिटातच आहेत. मेणाच्या पुतळ्यांच्या दालनाला वेगळे पैसे पडतात, आणि नेम धरून बाहुली जिंकायच्या खेळांनाही. प्रत्येक खेळाच्या दाराशी उंचीची पट्टी आहे. २९ मीटरच्या मनोऱ्यावरून सरळ खाली सोडतात, त्यावर पुतण्या बसेल, मुलगी नाही. तिचा हिरमोड नको म्हणून तळमजल्यावर शिरण्याआधीच दोघांचे गट वेगळे करा.

लोहदोर:
वेळापत्रक एकत्र करून देतो, फाटक ८ ला उघडतं असं धरून. वेळ बदललेली दिसली तर सगळं तेवढं पुढेमागे सरकवा.

६:४५ ला हॉटेल सोडा, पाऊण-एक तासाचा रस्ता. ७:४५ ला फाटकाशी. ८:३०च्या सुमारास मार्सेयला उतरता. पूल १५० मीटरचाच आहे, त्याला पाऊण तास खूप झाला. फोटोसाठी एक सांगतो: पुलाच्या मध्यभागी उभं राहून पंजा कधीच फ्रेममध्ये मावत नाही. पूल कमानीसारखा वळलेला आहे, म्हणून टोकाशी थांबा, आपली माणसं वळणावर उभी करा, मग त्यांच्या मागे पंजा पूर्ण येतो. जवळ गेल्यावर तो शेवाळलेल्या दगडासारखा दिसतो, प्रत्यक्षात जाळी आणि फायबरग्लास आहे. पूल जून २०१८ मध्ये खुला झाला.

पुलाच्या दुसऱ्या टोकाने थेट बागांत उतरता. स्टेशन आणि बागा यांच्यामधला तीव्र चढ टाळावा म्हणूनच तो बांधला, आणि त्याचा सगळ्यात जास्त फायदा सासूबाईंसारख्यांना होतो. बागेत पायऱ्या आहेत. त्यांनी सगळी बाग फिरू नये, पहिल्या दोन वाफ्यांशी बसावं. तळघर जरूर दाखवा. १९२३ चं आहे आणि फ्रेंच काळातलं जे थोडं खरोखर उरलंय त्यातलं एक. वरचं फ्रेंच व्हिलेज सगळं आताचं बांधकाम आहे. मधल्या टप्प्यात डोंगर चढणारी छोटी रेल्वे आहे, तिकिटात धरलेली. चालण्यापेक्षा तीच घ्या.

१०:१५ ला लूव्रला, आधी घसरगाडी, ११:१५ ला जेवण. १२:३० ते २:३० मुलं फँटसी पार्कमध्ये, ज्येष्ठ मंडळी व्हिलेजच्या चौकात सावलीत. तिथे ठरलेल्या वेळी नाच-गाण्याचे कार्यक्रम होतात. माथ्यावरची देवळं दिरांनी आणि तुमच्या मिस्टरांनी पाहून यावीत, सासू-सासऱ्यांनी नाही. पायऱ्या बऱ्याच आहेत आणि उतरताना गुडघ्यांवर जास्त ताण येतो.

३ ला खाली निघा. साडेतीननंतरची रांग बघितली की लवकर निघाल्याचं समाधान वाटेल.

चिपळूणकरीण:
छापून फ्रिजवर लावते. एक शेवटचं: चढताना होई आन स्टेशन आणि उतरताना तोक तिएन. मग ड्रायव्हर आम्हाला सोडेल तिथेच सापडेल ना? आठ जण फाटाफूट होऊन हरवायला नकोत.

लोहदोर:
खालची स्टेशनं वेगळी असली तरी बाहेर पडायची वाट एकाच मोठ्या आवारातून जाते. फक्त पार्किंग खूप पसरलेलं आहे आणि सोळा सीटर सगळ्या पांढऱ्या दिसतात. सकाळी उतरताना तीन फोटो काढा: गाडीची नंबर प्लेट, ती उभी आहे तिथला पार्किंगचा फलक, आणि ड्रायव्हरचा चेहरा, त्याला विचारून. त्याचा ‘झालो’ (Zalo) या निरोपांच्या ॲपवरचा नंबर घ्या. तिथे व्हॉट्सॲपपेक्षा झालो जास्त चालतं, ते ॲप आणि तिथलं सिम आधीच घालून ठेवा. माथ्यावरून केबिनमध्ये चढण्याआधी त्याला ‘निघालो’ असा निरोप टाका, म्हणजे तुम्ही उतरेपर्यंत तो गाडी फाटकाजवळ आणतो आणि सासूबाईंना पार्किंगभर चालावं लागत नाही. हॉटेलचं कार्ड बाबांच्या आणि पुतण्याच्या खिशात एकेक.